चोपण जमीन आणि दोन पोती चुना

घरच्या ग्रुपवर एकच मेसेज महिन्याभरात तीनदा आला. तिसऱ्यांदा तो खुद्द मामांनी टाकला. त्यांची जमीन इंदापूर तालुक्यात, भीमेच्या गाळाच्या पट्ट्यात. मी पुण्यात मातीपरीक्षणाच्या कामात आहे, म्हणून खाली "बघ रे, खरं आहे का" अशी ओळ.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: शेतात पांढरा थर दिसला की जमीन चोपण झाली समजा. खात्री करायची तर मातीवर व्हिनेगर टाका, फसफसलं की चोपण. हे सगळं रासायनिक खतांमुळे झालंय. उपाय म्हणजे एकरी दोन पोती चुना टाकायचा, वर भरपूर पाणी सोडायचं, मीठ धुऊन जातं.

मामा, यातलं "पाणी सोडायचं" तेवढं अर्धं खरं आहे. तेही चुकीच्या जागी.

पांढऱ्या थरापासून सुरू करू. पांढरं फुटतं ती बहुतेक वेळा खारवट जमीन. तिथे विरघळणारे क्षार वर येऊन साचतात, पण माती भुसभुशीत राहू शकते. चोपण जमिनीत मोकळे क्षार कमीही असतील; सोडियम मातीच्या कणांना चिकटून बसलेला असतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचे परिणाम दिसतात. पाऊस उघडून चार दिवस झाले तरी डबकं हलत नाही आणि त्यातलं पाणी गढूळच राहतं. ओली असताना नांगर चिखलात रुततो, वाळली की धुम्मस मारून बसवल्यासारखी टणक. कधीकधी वर काळपट, तेलकट पापुद्रा येतो, कारण वाढलेल्या सामूमुळे (पीएच) सेंद्रिय पदार्थ विरघळून पृष्ठभागावर येतात. कागदावरचा ढोबळ फरक असा: खारवट जमिनीची विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचं माप, डेसिसायमन प्रति मीटरमध्ये) ४ च्या वर आणि सामू ८.५ च्या खाली. चोपण जमिनीत वाहकता ४ च्या खाली, सामू ८.५ च्या वर आणि विनिमययोग्य सोडियम, म्हणजे कणांना चिकटलेल्या घटकांमधला सोडियमचा वाटा, १५ टक्क्यांहून जास्त. आपल्या काळ्या मातीला तर १५ च्या बऱ्याच आधीच त्रास सुरू होतो. दोन्ही दुखणी एकत्र असलेली जमीनही असते.

व्हिनेगरचं एका ओळीत संपतं: फसफसते ती चुनखडी, सोडियम नव्हे. दौंड, बारामती, इंदापूरकडची जवळपास कुठलीही काळी माती फसफसेल, भरघोस ऊस देणारीसुद्धा.

आता खतं. युरियात सोडियम नाही, डीएपीत नाही. खतांच्या अतिवापराचे तोटे वेगळे आहेत आणि त्यावर मीही तावातावाने बोलतो, पण हा गुन्हा त्यांच्या नावावर लावता येत नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी तमहाणे यांनी नीरा खोऱ्यातल्या क्षारपड जमिनींवर लिहिलं ते १९१० साली. हवेतल्या नायट्रोजनपासून कारखान्यात अमोनिया, म्हणजे युरियाचा कच्चा माल, करायला सुरुवातच १९१३ मध्ये झाली. युरियाची गोणी बांधावर यायच्या कितीतरी आधी नीरेकाठची जमीन बिघडू लागली होती, आणि त्याआधी तिथे आला होता कालवा.

सोडियम आपल्या दगडातलाच. बेसॉल्ट झिजतो तेव्हा त्यातून कॅल्शियमही सुटतो आणि सोडियमही. मुळशीकडे धो धो पाऊस सगळं वाहून नेतो. घाटाची पावसाची सावली पडलेल्या माळरानाच्या मुलखात वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास पडतो. तिथे कॅल्शियम चुनखडी होऊन जमिनीतच थिजतो, सोडियम मात्र पाण्यात राहतो आणि उताराने नदीकाठच्या सखल, भारी मातीत येऊन थांबतो. त्यावर वर्षानुवर्षं उसाला पाट सोडला, निचरा केला नाही, की भूजल वर चढतं आणि सोडियम मुळांपाशी. हंगेरीत तिसा नदीच्या पूरमैदानावर होर्तोबाज नावाचं अफाट गवताळ रान आहे, १९९९ पासून जागतिक वारसा यादीत. तिथली जमीन अशीच सोडियमची आहे. तिथे सोडियम काही खताच्या दुकानातून आला नाही.

पाण्याचा मुद्दा समजायला मामांनीच पाठवलेली ढेकळं कामाला आली. वाटाण्याएवढे दोन सुके खडे, आरओच्या पाण्याचे दोन ग्लास, ढवळायचं नाही. मळ्यातला खडा पाण्यात पडताच फुटून चुरा झाला, पण वरचं पाणी नितळ. पाटाच्या कडेच्या खड्याभोवती दहा मिनिटांत दुधाळ वलय उठलं आणि सकाळपर्यंत अख्खा ग्लास गढूळ. कॅल्शियम चिकणमातीचे पापुद्रे एकमेकांना धरून ठेवतो. सोडियमची पकड ढिली, भोवती पाण्याचा जाड वेढा, त्यामुळे पापुद्रे सुटतात आणि मातीची छिद्रं बुजवतात. म्हणजे नुसतं गोडं पाणी सोडलं की उरलेसुरले क्षारही जातात, कण आणखी विस्कटतात आणि पाणी खाली उतरायची वाटच बंद होते. गढूळ ग्लासात मी चिमूटभर जिप्सम (कॅल्शियम सल्फेट) टाकलं. दुपारी पाहतो तर गाळ तळाला आणि वर पाणी स्वच्छ. (हा प्रयोग बोअरच्या खाऱ्या पाण्यात करू नका. त्यातले क्षारच माती तात्पुरती गोळा करतात आणि चोपण जमीन निरोगी दिसते.)

मग चुना का नको? कॅल्शियम तर त्यातही आहे. पण चुनखडीची भुकटी लिटरभर शुद्ध पाण्यात पंधरा मिलिग्रॅमच्या आसपास विरघळते, जिप्सम अडीच ग्रॅमच्या आसपास. वाढलेल्या सामूत चुनखडी आणखीच हट्टी होते, आणि कळीचा चुना टाकलात तर सामूच वर जाईल. शिवाय तुमच्या मातीत चुनखडी आधीच आहे, तीच तर फसफसली! तिला जागं करायचं तर गंधक. जिवाणू त्याचं आम्ल करतात, आम्ल चुनखडीत मुरतं आणि जिप्सम जमिनीतच तयार होतं. मात्र याला आठवडे, महिने लागतात. सल्फिटेशन पद्धतीच्या साखर कारखान्याची मळीही (प्रेसमड, मोलॅसिस नव्हे) उपयोगी पडते. शेणखत, ताग-धैंचाचं हिरवळीचं खत जरूर घ्या, पण एकट्याच्या बळावर ते पुरत नाहीत.

आणि पोत्यांचा हिशेब विसरा. जिप्सम हेक्टरी टनांत लागतं, किती टन ते मातीच्या अहवालावरून ठरतं. एक टन विरघळायलाच किमान चार लाख लिटर पाणी हवं, म्हणजे हेक्टरभर ४० मिलिमीटर. म्हणून ते पावसाळ्याच्या तोंडावर मिसळायचं. सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जातो, आणि भरपूर पाण्याची जागा ही. पण खाली जाऊन पुढे कुठे? चर किंवा सच्छिद्र पाइप नसेल तर उन्हाळ्यात तोच सोडियम वर येणार. म्हणून पहिला खर्च निचऱ्यावर.

एक गोष्ट मेसेजात नाहीच, ती म्हणजे विहिरीचं किंवा बोअरचं पाणी. पाण्यातच कार्बोनेट-बायकार्बोनेट जास्त आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असेल, तर प्रत्येक पाळीला सोडियमचा हप्ता भरल्यासारखंच आहे. मातीचा अहवाल पाण्याच्या अहवालाशिवाय वाचू नये. मामांना काल फोनवर तेवढंच सांगितलं. बोअर दहा मिनिटं चालू ठेवून मग बाटली भरायची, त्याच पाण्याने आधी दोनदा विसळून. बाटली उद्याच्या एसटीने स्वारगेटला येते आहे.