फर्मवेअर वाचून देतं, म्हणून बूटलोडरला ड्रायव्हर नको?

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या इंजिनिअरिंगच्या मुलांमध्ये सध्या एक मेसेज फिरतोय : "यूईएफआय डिस्क वाचून देतं. बूटलोडरमध्ये ड्रायव्हरची फंक्शनं लिहिणं म्हणजे वेळ घालवणं. फर्मवेअरचं फंक्शन थेट कॉल करा, कर्नललाही तेच पुरेल." फर्मवेअर म्हणजे बोर्डावरच असलेला, मशीन सुरू होताच चालणारा प्रोग्रॅम, आणि यूईएफआय हा त्याचा सध्याचा मानक प्रकार. बूटलोडर कर्नलला, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, डिस्कवरून मेमरीत आणतो. ड्रायव्हर म्हणजे डिस्कसारखं उपकरण हाताळणारा कोड. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या मशीनसाठी कंट्रोलर बोर्ड करायचं मनात असलेल्या मुलांनी यावर विसंबू नये, म्हणून हे उत्तर.

"यूईएफआय डिस्क वाचून देतं." बरोबर, पण स्वतःच्या अटींवर. त्याच्या ब्लॉक आयओ प्रोटोकॉलमधल्या रीडब्लॉक्स या डिस्क वाचायच्या फंक्शनला मागणी ब्लॉकच्या (डिस्कच्या एका तुकड्याच्या) पटीतच लागते, बफर, म्हणजे वाचलेला डेटा ठेवायची मेमरीतली जागा, डिस्कने सांगितलेल्या अलाइनमेंटवर (पत्ता ठरावीक आकड्याच्या पटीत) लागते, डिस्कची ओळख सांगणारा मीडिया आयडीही जुळावा लागतो. लिनक्सवर सर्रास वापरला जाणारा बूटलोडर ग्रब 512 बाइटच्या सेक्टरमध्ये मोजतो. डिस्कचा ब्लॉक 4096 चा निघाला तर हिशेब कोण बदलणार? तो बदलणारी फंक्शनं म्हणजेच बूटलोडरचा ड्रायव्हर. ग्रबमध्ये डिस्कच्या ओपन, क्लोज, रीड, राइट या फंक्शनांचे पॉइंटर (पत्ते) एका स्ट्रक्चरमध्ये असतात. त्यामुळे खाली जुन्या बायोस फर्मवेअरची डिस्क वाचायची सोय, म्हणजे इंटरप्ट 13एच, आहे की यूईएफआय, याच्याशी फाइलसिस्टिमच्या कोडला देणंघेणं उरत नाही.

"थेट कॉल करा." सगळ्यात घातक सल्ला हाच. 64 बिट इंटेल-एएमडीवर यूईएफआय फंक्शनला आर्ग्युमेंट द्यायची मायक्रोसॉफ्टची पद्धत पाळतं : पहिले चार आर्ग्युमेंट प्रोसेसरच्या आरसीएक्स, आरडीएक्स, आर8, आर9 या रजिस्टरमध्ये, पुढचे मेमरीतल्या स्टॅकवर. लिनक्सवरचा जीसीसी कंपायलर मात्र पहिलं आर्ग्युमेंट आरडीआय रजिस्टरमध्ये ठेवतो. रीडब्लॉक्सला पाच आर्ग्युमेंट, म्हणजे पाचवा, बफरचा पत्ता, फर्मवेअर स्टॅकवर शोधणार आणि जीसीसीने तो रजिस्टरमध्ये ठेवलेला असणार. फंक्शनच्या घोषणेत एमएस एबीआयची, म्हणजे याच मायक्रोसॉफ्ट पद्धतीची, खूण विसरलात तरी कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि चालवल्यावर कोसळतो. म्हणून घोषणा एकाच हेडरमध्ये, नीट तपासून लिहायच्या.

कर्नलचा मुद्दा तर टिकतच नाही. यूईएफआयच्या बूटपुरत्या सेवा बंद करणारा एक्झिटबूटसर्व्हिसेस हा कॉल यशस्वी झाला की रीडब्लॉक्स संपलं. वेळ, व्हेरिएबल, रीसेट अशा रनटाइम सेवा तेवढ्या उरतात.

आणि आपण स्वतः बोर्ड केला तर त्यावरचं फर्मवेअर आपल्यालाच उभं करायचं असतं. अशा बोर्डांवर वापरला जाणारा यू-बूट हा बूटलोडर यूईएफआयची फंक्शनं पुरवतो खरं, पण ती त्याच्याच एमएमसी (मेमरी कार्ड) वगैरे ड्रायव्हरांवर उभी असतात.

शंका असेल तर क्यूएमू या आभासी मशीनमध्ये ओव्हीएमएफ हे यूईएफआय फर्मवेअर लावा, 4096 च्या लॉजिकल ब्लॉकची व्हर्टआयओ (आभासी) डिस्क जोडा आणि रीडब्लॉक्सकडे 512 बाइट मागा. बॅड बफर साइझ (मागणी ब्लॉकच्या पटीत नाही) हीच एरर हातात येईल.