पंधरा ग्रॅमच्या ट्यूबनं इसब जात नाही

“भाऊ, खाजीची ट्यूब द्या ना.”

तालुक्याच्या गावी कोणत्याही मेडिकलसमोर थोडा वेळ उभे राहिलात तर हे वाक्य कानावर येईलच. काउंटरवरून जी ट्यूब मिळते तिच्यात बहुधा एक जहाल स्टेरॉइड, एक बुरशीचं औषध आणि एखादं जंतूंचं औषध एकत्र कालवलेलं असतं. नायटा असो, खरूज असो, इसब असो, ट्यूब एकच. दोन दिवसांत खाज बसते, म्हणून ती गुणाची ठरते आणि शेजारच्या घरीही जाते. 2018 साली केंद्र सरकारनं स्टेरॉइडची मलमं शेड्यूल ‘एच’मध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. काउंटरवर हे कोणाला आठवत नाही.

खेड्यात चामडीचा डॉक्टर नाही म्हणून इसब बरा होत नाही, असं आपण धरून चाललो आहोत. मला हे अर्धंच खरं वाटतं. साध्या इसबाला तज्ज्ञ लागत नाही. त्याला भरपूर वंगण, म्हणजे कातडी मऊ ठेवणारी जेली किंवा तेल, लागतं, योग्य ताकदीचं एकच स्टेरॉइड मलम लागतं, आणि ते कसं लावायचं हे पंधरा मिनिटं बसून दाखवणारं माणूस लागतं. हे तिन्ही उपकेंद्रावर जमण्यासारखं आहे.

आधी ओळख नीट व्हायला हवी, कारण निम्मा घोळ तिथंच होतो. इसब हा मुळात कोरड्या त्वचेचा आजार. तान्ह्या लेकराचे गाल लाल, खरखरीत, कधी पाझरणारे, पण लंगोटाची जागा बहुधा साफ. मोठ्या मुलांना कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत, मोठ्या माणसांना पुष्कळदा हातावर. घरात कोणाला तरी दमा किंवा सकाळच्या शिंकांचा त्रास सापडतो. खरूज वेगळी. तिची खाज रात्री अनावर होते, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती, जांघेत असते, आणि घरात आणखी कोणीतरी खाजवत असतं. तिला परमेथ्रिन 5 टक्के हे मलम, गळ्यापासून तळपायापर्यंत, 8 ते 14 तास अंगावर ठेवायचं, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, आणि आठवड्यानं पुन्हा एकदा. बाळांना डोक्यालाही लागतं, आणि दोन महिन्यांखालच्या बाळाला डॉक्टरला विचारल्याशिवाय लावायचं नाही. एकट्या पोट्ट्याला लावलं आणि बाकीच्यांना नाही, तर खरूज पाहुण्यासारखी परत येते.

नायट्याला गोल, उठलेली कडा असते आणि मधला भाग साफ होत जातो. पण वर सांगितलेली ट्यूब महिनाभर लावली की कडा पुसट होते, चट्टा पसरत जातो आणि मग जाणकारही फसतो. अशा वेळी “आधी काय लावलं?” हा पहिला प्रश्न, आणि रिकामी ट्यूब आणून दाखवणं हे सगळ्यात चांगलं उत्तर. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या आशाताईंना आणखी एक सांगायला नको, तरी सांगतो: चट्टा फिकट आहे, खाज नाही आणि स्पर्श कळत नाही, तर तो इसब समजू नका. कुष्ठरोगाची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते आणि औषधं फुकट मिळतात.

आता मुद्द्याचं. इसबाची त्वचा म्हणजे सारवण उडालेली मातीची भिंत. आतली ओल उडून जाते आणि बाहेरचा साबण, धूळ, जंतू आत शिरतात. स्टेरॉइड आतली आग विझवतं, सारवण करत नाही. सारवण वंगणानं होतं, आणि आपल्याकडे नेमका तिथंच हात आखडता घेतला जातो. अंगभर कोरडेपणा असलेल्या मोठ्या माणसाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम वंगण लागतं, लहान मुलालाही दीड-दोनशे ग्रॅम सहज. चिठ्ठीवर लिहिलेली छोटी सुगंधी बाटली दोन दिवसांत संपते आणि रुग्ण म्हणतो, “लावून पाहिलं, फरक नाही.” फरक पडेल कसा?

वंगण साधंच घ्या. बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली, किंवा ती आणि लिक्विड पॅराफिन समसमान मिसळून. खोबरेल तेलही चालतं. शुद्ध खोबरेलाला मुलांच्या इसबात चांगला गुण आल्याचं चाचणीत दिसलं आहे, फक्त ते बिनवासाचं असावं, केसांसाठीचं सुगंधी नको. मोहरीचं तेल नको, ते चरचरतं. बाळाला पिठाच्या गोळीनं घासून लव काढणं तर इसबात सरळ नुकसानीचं. डब्यात बोटं घालू नका, स्वच्छ चमच्यानं काढा, नाहीतर बोटांवरचे जंतू डब्यात वस्ती करतात. केसांच्या दिशेनं, वरून खाली पुसल्यासारखं लावा. चोळलं की केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात. मे महिन्यात, 45 अंशांत, जेलीचा जाड थर दिला तर घामोळ्या उठतात. तेव्हा पातळ क्रीमवर या, जेली हिवाळ्यासाठी ठेवा. आणि एक धोका फार कोणी सांगत नाही: जेली-पॅराफिन मुरलेले कपडे, गोधड्या झटकन पेट घेतात, धुऊनही ते पूर्ण निघत नाही. चुलीजवळ आणि शेकोटीजवळ जपा.

आंघोळ रोज करा, बंद करू नका. कोमट पाणी, पाच ते दहा मिनिटं. थंडीत बंबाचं कढत पाणी अंगावर घेतलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि तासाभरात खाज दुप्पट होते. साबण फक्त काखेत, जांघेत आणि पायांना. टॉवेलनं टिपायचं, घासायचं नाही, आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, वंगण. तास गेला की मेहनत वाया. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात, अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे, पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, म्हणून माणूस तो दुपटीनं घासतो आणि साबणाची चिकट साय अंगावर राहते. तिथं साबण कमी करण्याला जास्त महत्त्व आहे. पाणी मऊ करणारी महागडी यंत्रं मात्र इसबासाठी घेऊ नका. ब्रिटनमध्ये मुलांच्या घरी ती बसवून रीतसर चाचणी झाली, 2011 मध्ये निष्कर्ष आले, इसबात काही फरक पडला नव्हता. कपडे आणखी एका पाण्यातून काढा, तेवढं पुरे.

स्टेरॉइडबद्दल आपल्याकडे दोन टोकं आहेत. एक, वर्षभर जहाल ट्यूब. दुसरं, नाव ऐकूनच घाबरणं. खरं मधेच आहे. चेहऱ्याला आणि तान्ह्या बाळांना हायड्रोकॉर्टिसोन 1 टक्का, अंगाला बीटामेथासोन किंवा मोमेटासोन 0.1 टक्का, तेही डॉक्टरनं बघून लिहिलेलं. क्लोबेटासोल फक्त तळहात-तळपायाच्या जाड कातडीसाठी, दोन आठवड्यांपेक्षा जास्त नाही. दिवसातून एकदा पुरतं. मोजमाप बोटाच्या पेरावर: मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या घडीपर्यंत ट्यूबमधून पिळलेली रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. हिशेब करा: मोठ्या माणसाच्या एका हाताला, पंजा सोडून, तीन पेरं, एका पायाला, पाऊल सोडून, सहा. अंगभर इसब असेल तर एका वेळेला वीस ग्रॅमच्या आसपास. पंधरा ग्रॅमची ट्यूब एका वेळेलाही पुरत नाही! म्हणून रुग्ण मलम नखावर घेऊन पुसतो, चट्टा अर्धवट शमतो, पुन्हा उसळतो, आणि मग “जरा पॉवरफुल द्या” म्हणतो. वाईट ट्यूबकडची वाट अशी अपुऱ्या मात्रेतून जाते.

खाज थांबली म्हणून तिसऱ्या दिवशी मलम सोडू नका. कातडी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत लावा, साधारण एक ते दोन आठवडे. पुन्हा पुन्हा त्याच जागी उसळत असेल तर नंतर आठवड्यातून दोन दिवस त्या जागी ठेवा, हेही डॉक्टरला विचारून. वंगण आणि मलम यांत अर्ध्या तासाचं अंतर असू द्या. आणि सुई? महिनाभर टिकणारी स्टेरॉइडची सुई घेतली की चट्टे गायब होतात, असर उतरला की दुप्पट येतात, वारंवार घेतली तर शरीराची स्वतःची स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी झोपी जाते. सुई दिल्याशिवाय फी वसूल होत नाही, ही अडचण रुग्णाची नाही.

लस वाहत असेल तर त्यावर चिकट मलम थापू नका, आधी सुकवा. अर्धा लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात एक सपाट चमचा मीठ, त्यात मऊ सुती धोतराचा तुकडा भिजवून, हलका पिळून दहा-पंधरा मिनिटं ठेवायचा, दिवसातून दोन-तीनदा. कोरडा, जाड, रात्रभर खाजवणारा इसब असेल तर उलटं करा: मलम आणि वंगण लावून वर कोमट पाण्यात भिजवून पिळलेला जुना सुती बंडीचा थर, त्यावर कोरडा थर, रात्रभर. चार-पाच रात्रींत मूल झोपायला लागतं. पू किंवा पिवळी खपली असेल तर हे करायचं नाही, आणि डिसेंबरच्या थंडीत लेकरू गारठणार नाही हे बघून.

हळद, कडुनिंबाचा लेप, चुना, रॉकेल यांतलं काहीही उघड्या कातडीवर नको. बिब्बा तर नकोच नको. त्याचं तेल कातडी जाळतं, फोड येतात, आणि खाजेचं दुखणं भाजण्याचं होऊन बसतं. बांधावरच्या गाजरगवतानंही इसब होतो: चेहरा, मान, कोपराची घडी, म्हणजे उघडा भाग, दर पावसाळ्यात. ते उपटताना हातमोजे, पूर्ण बाह्या, आणि घरी आल्यावर लगेच अंघोळ. कापूस वेचणीच्या दिवसांतही हात जपा. पऱ्हाटीच्या सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांना टोचतात, भेगा पडतात. वेचणीआधी हाताला जेलीचा पातळ हात आणि संध्याकाळी धुतल्यावर जाड, एवढ्यानं पुष्कळ राखलं जातं.

“मलमानं दाबला तर रोग आत जाऊन दमा होतो” हे विदर्भात घट्ट बसलेलं आहे. आत काही जात नाही. इसब आणि दमा एकाच प्रकृतीच्या मुलांत, एकामागून एक दिसतात, म्हणून तसं वाटतं. पथ्याचंही तसंच. वांगं, अंडी, मासे, दूध, सगळं बंद करून आधीच काटकुळ्या लेकराला आणखी वाळवण्याची गरज नसते. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दोन तासांत अंगावर गांध्या, ओठांना सूज, उलटी होत असेल तर गोष्ट वेगळी, तो पदार्थ बंद करून डॉक्टरकडे.

यंत्रणेकडून मागायचं ते छोटं आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या मागणीपत्रात पेट्रोलियम जेली किलोच्या हिशेबानं यावी, ट्यूबच्या नाही. समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना बोटाच्या पेराचं माप आणि ओल्या पट्ट्या एकदा हातानं करून दाखवाव्यात. अडलं तर ई-संजीवनीवर, म्हणजे सरकारच्या फोन-व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्या सेवेवर, मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरला विचारता येतं, पण फोटो उपयोगाचा हवा. फ्लॅश बंद, सावलीतला दिवसाचा उजेड, एक लांबून म्हणजे चट्टा अंगावर कुठं आहे ते कळेल, एक जवळून शेजारी रुपयाचं नाणं ठेवून, एक थोडा तिरपा. वंगण लावण्याआधी काढा, चमकलं की काही दिसत नाही. सोबत लिहा: किती दिवस, रात्री खाज किती, घरात आणखी कोणाला, आणि आतापर्यंत कोणत्या ट्यूबा.

एक मात्र फोटो काढत बसायचं नाही असं दुखणं आहे. इसबावर अचानक एकसारखे, मुगाएवढे, मध्यभागी खोलगट फोड, दुखणं आणि ताप. ही नागिणीच्या जातीच्या विषाणूची लागण असते, लहान मुलात जिवावर बेतते. मलम थांबवून त्याच दिवशी उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात न्या, आणि डोळ्याजवळ फोड असतील तर तिथं पोहोचताच ते आधी सांगा.