उतरलेली गाडी, हार्बरकर आणि एक फॉरवर्ड

मुंबईत हार्बर मार्गाची लोकल अर्धा तास लेट झाली की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हटकून येतो. मूळ कोणी लिहिला ते आता कोणालाच ठाऊक नाही, पण हार्बरवरच्या निम्म्या ग्रुपांवर तो फिरून आलाय. त्याचा मथितार्थ असा. नवी लोकल आली की आधी वेस्टर्नला. वेस्टर्नने वापरून टाकली की सेंट्रलला. सेंट्रलच्या मेन लाइनलाही नकोशी झाली की हार्बरला. थोरल्याचे कपडे मधल्याला, मधल्याचे धाकट्याला. बारा डबेसुद्धा हार्बरला सगळ्यांत शेवटी मिळाले, ते याच सावत्रपणामुळे. एसी लोकल आमच्या वाट्याची होती, ती दोनदा पळवली. रूळ सगळीकडे सारखेच, तेव्हा एका रात्रीत रेक, म्हणजे अख्ख्या गाड्या, इकडच्या तिकडे करायला काय जातं? आणि जाता जाता : मेट्रोच्या नव्याकोऱ्या गाड्या तिकडे रिकाम्या धावतात, त्या घाटकोपर–वर्सोव्याला द्या.

मी हार्बरचाच. नेरूळचा पास खिशात असलेल्या माणसाला हा मेसेज वाचून बरं वाटतं, खोटं कशाला बोलू? पण त्यातलं बरंचसं चुकीचं आहे. आणि जी एक गोष्ट खरोखर टोचायला हवी, ती मेसेजवाल्याने नीट पाहिलेलीच नाही.

पहिला मुद्दा : नवं वेस्टर्नला, उतरलेलं सेंट्रलला.

क्रम खरा आहे. एमयूटीपीतल्या, म्हणजे मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पातल्या, सीमेन्सच्या विद्युत यंत्रणेच्या पांढऱ्या-जांभळ्या गाड्या नोव्हेंबर २००७ मध्ये आधी वेस्टर्नवर धावल्या. मार्च २०१५ मध्ये बम्बार्डियरची यंत्रणा असलेली पहिली गाडी आली, तीही वेस्टर्नवरच. अशा एकूण ७२ गाड्या यायच्या होत्या. त्या जसजशा येत गेल्या तसतशा वेस्टर्नवरच्या सीमेन्स गाड्या मध्य रेल्वेकडे सरकल्या. मेसेजवाल्याने इथेच बोट ठेवलंय, आणि कारण शोधायला डोक्यावरच्या तारेकडे पाहायचं सोडून थेट दिल्लीकडे पाहिलंय.

मुंबईच्या लोकलची तार १५०० व्होल्ट डीसीची होती. डीसी म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, एसी म्हणजे दिशा बदलत राहणारी; ही एसी विजेची, गार डब्याची नव्हे. बाकी देशात रेल्वेचं विद्युतीकरण २५,००० व्होल्ट एसीवर होत गेलं आणि मुंबई एकटी जुन्या विजेवर राहिली. ती बदलायचं काम तुकड्या-तुकड्यांनी, रात्रीचे ब्लॉक घेत, म्हणजे गाड्या बंद ठेवून, वर्षानुवर्षं चाललं. वेस्टर्नचं काम फेब्रुवारी २०१२ मध्ये संपलं. मेन लाइन जून २०१५ मध्ये पूर्ण एसी झाली. हार्बर सगळ्यांत शेवटी, एप्रिल २०१६ मध्ये. सीमेन्सच्या गाड्या दोन्ही विजांवर चालतात, त्या घेतल्याच होत्या या मधल्या काळासाठी. पूर्वी काही ठिकाणी धावत्या गाडीत क्षणभर पंखे थांबायचे, दिवे जायचे आणि दारातला एखादा ‘गेली, गेली’ म्हणून ओरडायचा, आठवतं? तिथे गाडी एका विजेतून दुसरीत शिरत असायची.

आता मार्च २०१५ चा नकाशा डोळ्यांसमोर आणा. वेस्टर्नवर डीसीचा इंचही उरलेला नाही. मध्य रेल्वेवर मात्र मेन लाइनचा सीएसटीकडचा भाग आणि हार्बर अजून डीसीवरच. दोन्ही विजांवर चालणारी गाडी कोणाला जास्त उपयोगाची? वेस्टर्नवर तिची अर्धी करामत वाया जात होती.

शिवाय कारशेडचा, म्हणजे गाड्या जिथे ठेवतात नि दुरुस्त करतात त्या जागेचा, हिशेब असतो. आमच्या मजल्यावर कारशेडमधून रिटायर झालेले एक काका राहतात. त्यांना हा मेसेज दाखवला तर म्हणाले, “दोन जातीची जनावरं एका गोठ्यात बांधली की वैरणही दोन जातीची भरावी लागते.” सीमेन्स आणि बम्बार्डियर यांची कंट्रोलची यंत्रणा वेगळी, कार्डं वेगळी, दोष शोधायची पद्धत वेगळी. एका शेडमध्ये दोन्ही ठेवायच्या तर सुटे भाग दुप्पट आणि दोन्हीत तयार माणसं हवीत. एका रेल्वेकडे होता होईल तो एकच जात ठेवली, तर रात्री बिघडलेली गाडी सकाळच्या गर्दीआधी बाहेर पडायची शक्यता वाढते. यात वेस्टर्नचं भलं झालं का? झालं. पण २००७ ची गाडी २०१५ मध्ये आठ वर्षांची होती आणि लोकलच्या डब्याचं ठरलेलं आयुष्य २५ वर्षांचं. तिला ‘वापरून टाकलेली’ म्हणणं म्हणजे तिसरीतल्या पोराला पेन्शनर म्हणण्यासारखं आहे.

दुसरा मुद्दा : हार्बरला मुद्दाम भंगार दिलं.

हा मुद्दा सगळ्यांत जास्त भिडतो, कारण ते भंगार आपण अंगावर घेतलंय. पिवळ्या-तपकिरी गाड्या, गडगडणारी दारं, कंगव्याने ढकलल्याशिवाय न फिरणारे पंखे. मेन लाइनवर जांभळ्या गाड्या सर्रास दिसू लागल्या तरी वडाळ्याला जुन्याच यायच्या. पण त्या गाड्या फक्त डीसीवर चालायच्या. वेस्टर्नची तार एसी झाली, मग मेन लाइनची झाली. एसीच्या तारेखाली डीसीची गाडी म्हणजे नुसते डबे, जागचे हलायचे नाहीत. शेवटी अख्ख्या मुंबईत डीसीची तार उरली ती हार्बरवर, म्हणून त्या गाड्याही उरल्या हार्बरवर. हार्बरला जुन्या गाड्या ‘पाठवल्या’ असं म्हणण्यापेक्षा, जुन्या गाड्यांना जायला दुसरी जागा राहिली नाही असं म्हणा.

यातला एक योगायोग मला फार आवडतो. देशातली पहिली विजेची लोकल, चार डब्यांची, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदराहून कुर्ल्याला गेली, ती हार्बर मार्गानेच. वेस्टर्नवर वीज यायला १९२८ उजाडलं. म्हणजे ‘नवी गाडी आधी कोणाला’ या भांडणात पहिला डाव धाकट्याने मारला होता. आणि डीसीची शेवटची लोकल ९ एप्रिल २०१६ च्या रात्री कुर्ल्याहून सीएसटीला आली, तीही हार्बरवर. जिथून सुरुवात झाली तिथेच शेवट, ९१ वर्षांनी.

पण मेसेजला अर्धा मार्क द्यायला हवा. तार शेवटी का बदलली, हा प्रश्न रास्त आहे. ब्लॉक, पैसा आणि गर्दी यांच्या हिशेबात हार्बर कायम तिसऱ्या नंबरवर राहिली, यात वाद नाही. पुढे काही जुन्या गाड्यांत नवी विद्युत यंत्रणा बसवून, म्हणजे रेट्रोफिट करून, त्या पुन्हा रुळावर आणल्या. आत सामान नवं, सांगाडा जुनाच. त्याही हार्बर आणि ट्रान्सहार्बरच्या (ठाण्याहून वाशी-पनवेलकडे जाणाऱ्या मार्गाच्या) लोकांनी पाहिल्यात. पण ‘सेंट्रलच्या नकोशा गाड्या’ हे वेगळं आणि ‘तारेला शेवटचा नंबर’ हे वेगळं. पहिल्याबद्दल शिव्या देता येतात. दुसऱ्याबद्दल जाब विचारता येतो.

तिसरा मुद्दा : बारा डबे.

लोकलला डबा सुटा जोडत नाहीत. तीन डब्यांचं एक युनिट असतं, त्यात एक मोटर डबा. म्हणून गाड्या नऊच्या, बाराच्या, पंधराच्या. नऊ डब्यांच्या चार गाड्या मोडल्या की बारा डब्यांच्या तीन होतात. डबे तेवढेच, छत्तीस, पण एक गाडी कमी, म्हणजे तिच्या दिवसभराच्या फेऱ्याही गेल्या. फेऱ्या न घटवता लांबी वाढवायची तर दर तीन युनिटांमागे चौथं बाहेरून आणावं लागतं. मेन लाइनवरून सरकणारी युनिटं त्याच कामाला आली! मेसेज ज्या साखळीला शिव्या घालतो, तिच्याच जोरावर आपल्याला बारा डबे मिळाले.

आणि गाड्या असूनही भागत नव्हतं, कारण सीएसटीचे हार्बरचे फलाट एक आणि दोन बारा डब्यांना पुरत नव्हते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तीन दिवसांचा ब्लॉक घेऊन ते लांबवले, यार्डाची मांडणी बदलली. २९ एप्रिल २०१६ ला पहिली बारा डब्यांची हार्बर लोकल धावली, म्हणजे डीसी जाऊन तीन आठवडेही झाले नव्हते. फलाट, तार आणि युनिटं, तिन्ही जुळून यावी लागली. उशीर झाला, हे कबूल.

चौथा मुद्दा : एसी लोकल दोनदा पळवली. इथे मात्र मेसेजने दोन वेगळ्या गोष्टी एका पिशवीत कोंबल्यात.

पहिल्या वेळेचं सरळ आहे. पहिली एसी लोकल एप्रिल २०१६ मध्ये चेन्नईहून आली ती कुर्ला कारशेडला. तिची उंची नेहमीच्या लोकलपेक्षा सहा-साडेसहा सेंटीमीटर जास्त. एवढंसं अंतर ते काय! पण सीएसटी ते कुर्ला यांच्या दरम्यान इंग्रजांच्या काळातले बुटके पूल आहेत आणि पुलाखालच्या तारेत नि गाडीच्या टपात अंतर ठेवावं लागतं, कारण २५,००० व्होल्ट उडी मारतात. ट्रान्सहार्बरचं नाव निघालं, चर्चा झाली, शेवटी गाडी वेस्टर्नला गेली आणि २५ डिसेंबर २०१७ ला तिथे सुरू झाली. मध्य रेल्वेसाठी नंतर कमी उंचीचे एसी रेक आले आणि मेन लाइनवर त्यांची फेरी डिसेंबर २०२० मध्ये सुरू झाली. यात पळवापळवी नाही, पट्टीने मोजलेली अडचण आहे.

दुसऱ्या वेळेला मी मेसेजच्या बाजूने आहे. हार्बरवर एसी डिसेंबर २०२१ मध्ये सुरू झाली. तिकीट महाग, गाडी रिकामी. मी स्वतः तिच्यात दोनदा बसलो, दोन्ही वेळा अख्खं बाक मला एकट्याला. मग ५ मे २०२२ पासून एसीच्या एका वेळच्या तिकिटाचं भाडं जवळजवळ निम्म्यावर आणलं. आणि त्याच महिन्याच्या मध्यावर, प्रतिसाद नाही म्हणून, हार्बरची एसी काढून मेन लाइनला दिली. स्वस्त भाड्यात हार्बरकर तिच्यात चढतो की नाही, हे पाहायला उणेपुरे दहा दिवस. पासवाल्यांना तर त्या सवलतीचा फायदाही नव्हता, आणि आपल्याकडे गर्दी असते ती पासवाल्यांचीच. मेन लाइनवर गाडी भरली, हे मान्य. पण महागाच्या काळातल्या रिकाम्या गाडीवरून स्वस्ताच्या काळाचा निकाल लावला. मेसेजवाला नुसता ‘पळवली’ म्हणून मोकळा होतो, या तारखा समोर ठेवत नाही. ठेवल्या असत्या तर त्याचा हा एक मुद्दा तरी पक्का उभा राहिला असता.

पाचवा : एका रात्रीत बदला. रेक एका रात्रीत कुठूनही कुठेही नेता येतो, त्यात काही विशेष नाही. पण सकाळी तो चालवणारा मोटरमन त्या जातीच्या गाडीवर तयार झालेला हवा, दुरुस्तीचे भाग नव्या शेडमध्ये हवेत, आणि दुसऱ्या जातीच्या युनिटाशी तो जोडून चालवता येत नाही, म्हणून राखीव गाडीही त्याच जातीची लागते. मध्य रेल्वेवर दिवसाला सुमारे १८१० फेऱ्या होतात. रात्री पनवेलला थांबलेली गाडी पहाटे पनवेलहूनच सुटणार, असं ते एकात एक गुंतलेलं वेळापत्रक आहे. एक कडी उपटली तर दुपारपर्यंत वाशीला इंडिकेटर कोरा.

मेट्रोचं तर दोन ओळींत संपतं. घाटकोपर–वर्सोव्याची मार्गिका एक, दहिसरकडच्या दोन-अ आणि सात, आरे ते कफ परेडची तीन, यांना चालवणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत. एकीवर चार डबे, दुसऱ्यांवर सहा, तिसरीवर आठ. सिग्नल यंत्रणाही वेगळी. अंधेरीत एकीतून दुसरीत जायला तुम्हा-आम्हाला पादचारी पूल आहे, गाडीला तो नाही. मार्गिका एकचे डबे वाढायला हवेत ही मागणी रास्त आहे, पण ते शेजाऱ्याकडून उसने घेऊन वाढणार नाहीत.

राहता राहिली पुढची गोष्ट. एमयूटीपी-३ मधल्या ४७ आणि ३-अ मधल्या १९१ अशा २३८ एसी गाड्यांची योजना आहे. त्या कुठे जातील, हे बोलघेवड्या मंत्र्याच्या भाषणापेक्षा कारशेडवरून लवकर कळेल, कारण गाडी तिथेच राहते जिथे तिचा गोठा असतो. या गाड्यांसाठी ठरलेल्या नव्या कारशेड दोन : वेस्टर्नवर वाणगाव आणि मध्य रेल्वेवर भिवपुरी. भिवपुरी कर्जतच्या रस्त्यावर येते, म्हणजे मेन लाइनच. हार्बर आणि ट्रान्सहार्बरचा गोठा सानपाडा, तो या यादीत नाही. काकांना हे सांगितलं तर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि एवढंच विचारलं, “मग सानपाड्याला एसी गाडीचं काम शिकवलेली माणसं किती ठेवणार आहेत, ते विचारलंय का कोणी?”