पुढचं इंजेक्शन कधी? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार ताई,

बोटॉक्स, म्हणजे आठ्या पडू नयेत म्हणून घ्यायचं इंजेक्शन, किती महिन्यांनी परत घ्यावं यावर मी मागे लिहिलं होतं. त्याखालची तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. रागावून लिहिलेली आहे, पण तिच्यातले मुद्दे चार ओळींत आटोपण्यासारखे नाहीत, म्हणून हे सविस्तर उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. या ताई 44 वर्षांच्या, पुण्यात एका कंपनीत एचआरमध्ये आहेत. गेली चार वर्षं दर तीन महिन्यांनी, एकही तारीख न चुकवता, कपाळावर, भुवयांच्या मधे आणि डोळ्यांच्या कडेला बोटॉक्स घेतात. वर्षाला चार सेशन्सचं पॅकेज आहे. मी लिहिलं होतं की इंजेक्शन घेतल्या दिवशीच पुढची तारीख ठरवू नका, आठी परत पडायला लागली की मग बघू, बहुतेकींना वर्षातून दोन-तीनदा पुरतं. त्यावर त्यांचं म्हणणं असं: आठी परत येऊ दिली तर स्नायू पुन्हा बळकट होतो आणि आधीचा सगळा खर्च पाण्यात जातो. मधेच थांबलं तर सुरकुत्या दुपटीने येतात, ते मी लपवलं. आणि नाशकात दवाखान्यात बसून कॉर्पोरेटमधल्या बायकांना शहाणपण शिकवणं सोपं आहे.

शेवटच्यापासून सुरुवात करते, कारण तिथे चूक माझी आहे. ‘दर तीन महिन्यांनी धावत सुटणाऱ्यांनी आरशाऐवजी मनात डोकावावं’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं. ते मी काढून टाकलं आहे. तुम्ही लिहिलंत की मीटिंगमध्ये शेजारचा पुरुष कपाळाला आठ्या घालून बसला तर तो विचारात असतो, आणि तुम्ही बसलात की ‘मॅडम, आज बरं नाही का?’ असं विचारलं जातं. हे वाचून मी गप्प झाले. असंच माझ्या खुर्चीवर बसून कितीतरी जणींनी सांगितलंय, आणि तरीही मी ते वाक्य लिहिलं. चेहऱ्यावर काय करायचं हा तुमचा निर्णय आहे, त्यात माझ्या उपदेशाला जागा नाही. मनापासून माफी मागते.

अंतराच्या प्रश्नावर मात्र मी माघार घेत नाही, आणि का घेत नाही ते नीट सांगते.

हे औषध स्नायूला थेट काही करत नाही. ते जाऊन बसतं मज्जातंतूच्या टोकाशी. तिथून अ‍ॅसिटिलकोलीन नावाचं रसायन सुटतं, तोच स्नायूला निरोप, आणि मग स्नायू आकसतो. ते सुटायला जी प्रथिनं लागतात, त्यांपैकी स्नॅप-25 नावाचं एक प्रथिन हे औषध तोडतं. निरोप निघतच नाही, म्हणून आठी पडत नाही. मग शरीर वाट काढतं. त्या टोकाच्या आसपास नवे धुमारे फुटतात, काही काळ निरोप त्यांच्यावाटे जातात, आणि पुढे मूळ टोक पुन्हा कामाला लागलं की धुमारे मागे हटतात. या सगळ्याला साधारण तीन ते चार महिने लागतात. पण हे काही दिवा लावल्यासारखं एका रात्रीत होत नाही. आधी जेमतेम हालचाल, मग थोडी जास्त, मग पूर्ण. आणि आमच्या बोलण्यात नेहमी जी गल्लत होते ती इथेच. आठी घालता येऊ लागणं वेगळं, आणि चेहरा शांत असताना रेघ दिसणं वेगळं. पहिली गोष्ट तिसऱ्या महिन्यात सुरू होते. दुसरीला बऱ्याचदा आणखी दोन-तीन महिने लागतात, कारण मुळापासून घडी पडायला कातडी तितक्या वेळा दुमडावी लागते. तुम्ही पहिल्या हालचालीलाच ‘उतरलं’ म्हणता. मी रेघ दिसेपर्यंत थांबायला सांगते. आपल्या दोघींमधला वाद खरं तर या मधल्या काळाचा आहे.

आता तुमचं ‘स्नायू पुन्हा बळकट होतो’ हे. त्यात तथ्य आहे, नाकारत नाही. प्लास्टरमधला हात बारीक होतो, तसा वारंवार गप्प बसवलेला स्नायूही बारीक होतो. पण याच कारणाने, काही फेऱ्यांनंतर बऱ्याच जणींना तेवढाच डोस जास्त दिवस पुरतो. म्हणजे जितकी वर्षं नियमित घेतलंत तितकं अंतर वाढायला हवं! चार वर्षं झाली, सोळा सेशन्स झाली, आणि तुमचं अंतर अजून पहिल्या वर्षीचंच आहे. तुमच्या चेहऱ्याकडे पाहून कुणीतरी ते एव्हाना चार, पाच, सहा महिन्यांवर न्यायला हवं होतं.

नियमित घेण्याचा फायदा दाखवताना जुळ्या बहिणींचं एक उदाहरण नेहमी दिलं जातं. 2006 साली छापून आलेली ती नोंद आहे. दोघी एकसारख्या जुळ्या, एकीने 13 वर्षं सातत्याने घेतलं, दुसरीने त्याच काळात फक्त दोनदा. पहिलीच्या कपाळावर, भुवयांमधे शांत चेहऱ्यावरच्या रेषा दिसत नव्हत्या, दुसरीच्या दिसत होत्या. एकाच जोडीवरून नियम ठरत नाही हे खरं, पण ती नोंद मला पटते. फक्त तिच्यातला एक तपशील सांगताना गळतो. ‘सातत्याने’ म्हणजे वर्षातून दोन ते तीन वेळा. चार नाही.

मग हे तीन महिने आले कुठून? औषधाच्या माहितीपत्रकातून. तिथे लिहिलंय की तीन महिन्यांच्या आत परत देऊ नये. तापाच्या गोळ्यांच्या पाकिटावर दिवसाला चारपेक्षा जास्त नको असं लिहिलं, म्हणून ताप नसताना आपण चार गोळ्या घेत नाही. ती शेवटची मर्यादा असते. मर्यादेचं वेळापत्रक कधी झालं ते कुणाला कळलंही नाही.

ठरावीक तारखेला हे औषध द्यावंच लागतं असे पेशंट आहेत. जुनाट मायग्रेनसाठी डोकं आणि मान मिळून 31 ठिकाणी 155 युनिट, दर 12 आठवड्यांनी. तिथे कॅलेंडर योग्य आहे, कारण दुखणं परत यायची वाट बघण्यात काहीच अर्थ नाही. आठी हा आजार नाही. ती थोडी परत आली तर कुणाचं काही बिघडत नाही, आणि तेवढ्यात तुम्हाला तुमचं स्वतःचं अंतर कळतं.

‘पण लवकर घेतल्याने नुकसान काय?’ असंही तुम्ही विचारलंत. शरीर या औषधाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं, मग औषध लागू पडेनासं होतं. ही भीती वाढवून सांगणार नाही. सौंदर्यासाठीचे डोस लहान असतात, आणि 1997 नंतर बोटॉक्सच्या 100 युनिटमधलं प्रथिनाचं प्रमाण 25 नॅनोग्रॅमवरून 5 वर आलं, त्यामुळे हे आता क्वचितच होतं. तरी मोठा डोस आणि कमी अंतर ही जोडी टाळावी हे कायम आहे. चेहऱ्यासोबत जबड्याचंही घेणाऱ्या आणि दर वेळी मधे टच-अप मागणाऱ्या पेशंटच्या बाबतीत मी हे लक्षात ठेवते. दोन आठवड्यांनी एक भुवई वर राहिली म्हणून एखाद-दोन युनिट देणं ठीक. सहाव्या आठवड्याला ‘थोडं अजून’ नको.

मला जास्त काळजी कपाळाची वाटते, आणि ती माझ्याच चुकीतून आलेली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक शिक्षिका येत. वय 56, पापण्या थोड्या सैल. घरात लागोपाठ दोन लग्नं होती. दुसऱ्या लग्नाआधी ‘अजून थोडं राहिलंय, पण फोटो आहेत, देऊन टाका’ म्हणाल्या, आणि मी अडीच महिन्यांतच पूर्ण डोस दिला. भुवया वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. सैल पापण्या असलेली माणसं नकळत दिवसभर त्याच स्नायूने भुवया उचलून धरतात. आधीच्या फेऱ्यांत तो मधल्या काळात थोडा सावरत होता, म्हणून निभावलं. या वेळी सावरायला मिळालंच नाही. दहा दिवसांत भुवया खाली आल्या. लग्नाच्या फोटोत त्या झोपाळू दिसतात, आणि वर्गातली मुलं त्यांना विचारत, ‘बाई, झोप आली का?’ या औषधावर उतारा नाही. उतरायची वाट बघायची, बस. जवळजवळ दहा आठवडे त्या बाई माझ्याकडे येत राहिल्या, एकदाही आवाज न चढवता, आणि प्रत्येक वेळी मला त्यांच्या डोळ्यांकडे बघवत नसे. तेव्हापासून कपाळाला मी हात लावते तो सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात कमी. तुम्ही 44 च्या आहात, कदाचित असं काही होणार नाही. पण पुढच्या दहा वर्षांत पापण्या बदलतील, आणि ‘दर तीन महिन्यांनी’ला ते दिसत नाही.

थांबलं तर दुपटीने येतात, हे मी लपवलं नाही, कारण ते खरं नाही. थांबलात की स्नायू पूर्ववत होतो आणि चेहरा तुमच्या वयाच्या वाटेवर परत येतो. मधल्या काळात ज्या घड्या पडल्या नाहीत, त्या थांबल्यामुळे एकदम पडत नाहीत. वाईट वाटतं ते दुसऱ्या कारणाने: चार वर्षांपूर्वीचा आठीवाला चेहरा आपण विसरलेलो असतो, आणि वयही चार वर्षांनी वाढलेलं असतं. म्हणून सुरुवातीचे फोटो जपून ठेवा म्हणते. एक शांत चेहऱ्याचा, एक जोर लावून आठी घातलेला, एकाच खिडकीशी, एकाच वेळी. पहिल्या इंजेक्शनच्या आधीचे तुमचे फोटो दवाखान्यात असतील, मागून घ्या.

कुणाला खरोखरच दोन महिन्यांत उतरतं. तेव्हा अंतर कमी करण्याआधी विचारायचं, किती युनिट दिले? भुवयांच्या मधला नेहमीचा डोस 20 युनिट, पाच ठिकाणी चार-चार. ‘बेबी बोटॉक्स’ म्हणून आठ-दहा दिले तर ते लवकर उतरणारच. शिवाय कंपनी बदलली की युनिटही बदलतं. बोटॉक्सचे 20 तिथे डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाचे 50 लागतात. म्हणून ‘मैत्रिणीला 50 दिले, मला 20च’ ही तुलना करू नका. व्हायल, म्हणजे औषधाची कुपी, तुमच्यासमोर उघडली का, ती फ्रिजमधून काढली का, सलाईनमध्ये किती पातळ केली, हे विचारायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर रागावत नाही.

हिशेबही मांडून बघा. तुमच्या तिन्ही जागांचे पूर्ण डोस धरले, भुवयांमधले 20, कपाळाचे 20, डोळ्यांच्या कडांचे 24, तर एका वेळचे 64 युनिट होतात. वर्षातून चारदा 256, दोनदा 128. अर्ध्याचा फरक आहे. हे लिहून मी माझंच उत्पन्न कमी करते असं एका जुन्या सहकाऱ्याने मला ऐकवलं. असेल. पण अंतर वाढावं यासाठी औषध बनवणारेच धडपडत आहेत. 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेल्या डॅक्सिफाय या अशाच इंजेक्शनचा मुख्य दावाच तो आहे, परिणाम साधारण सहा महिने टिकतो.

आणि सौंदर्यासाठी हे औषध वापरात आलं तेच मुळी एका पेशंटच्या लक्षात आलं म्हणून. व्हँकुव्हरमध्ये 1987 च्या सुमारास डॉ. जीन कॅरुथर्स एका बाईंच्या पापण्यांच्या आकडीवर हे इंजेक्शन देत होत्या. भुवयांमधेही द्या, तिथे दिलं की कपाळ निवांत दिसतं, असं त्या बाईंनीच सांगितलं. डॉ. जीन यांचे पती डॉ. अ‍ॅलस्टर त्वचारोगतज्ज्ञ होते. दोघांनी मिळून त्यावर काम केलं आणि 1992 मध्ये ते प्रसिद्ध झालं. आपल्या चेहऱ्यावर काय होतंय ते पेशंटला आधी दिसतं, यावर माझा विश्वास आहे, म्हणून पुढची तारीख मी पेशंटवर सोपवते.

तुमचं पुढचं सेशन पंधरा दिवसांवर आहे असं लिहिलंत. रद्द करू नका, जा. पण क्रीम लावून बधिर करायच्या आधी डॉक्टरांसमोर बसा आणि जोर लावून आठी घालून दाखवा, भुवया वर करून दाखवा, हसून दाखवा. मग चेहरा सैल सोडा आणि आरशात एकत्र बघा. सैल चेहऱ्यावर रेघ नसेल तर सहा आठवड्यांनी येते म्हणा. फक्त भुवयांच्या मधे असेल तर तेवढंच घ्या, कपाळ या वेळी सोडा. पॅकेजची मुदत संपते म्हणाले तर ती लेखी वाढवून मागा. बहुतेक ठिकाणी देतात. आणि तेव्हा आरशात काय दिसलं ते इथे लिहा, मी वाट बघते.