उत्स्फूर्ततेची पूर्वतयारी

रंगांचे शिंतोडे उडवून चित्र काढताना उत्स्फूर्त व्हायचं असेल तर आधी पंखा बंद करावा लागतो. नाहीतर पंखाही चित्र काढायला लागतो, आणि त्याची झेप आपल्यापेक्षा मोठी असते. मग जुनी वर्तमानपत्रं अंथरायची, त्यांच्या कडा चिकटपट्टीने दाबायच्या, पडदे गुंडाळून वर बांधायचे, अंगात टाकाऊ शर्ट चढवायचा. (मला टाकाऊ वाटणारा शर्ट आणि बायकोला टाकाऊ वाटणारा शर्ट हे आजवर कधी एक निघालेले नाहीत.) एवढं सगळं शिस्तीत पार पडलं की कॅनव्हाससमोर उभं राहून बेभान व्हायचं.

तिथेच घोडं अडतं. रंगात बुडवलेला ब्रश हातात, कॅनव्हास जमिनीवर, आणि मी विचार करतोय की सुरुवात डावीकडून करावी की उजवीकडून! कसाबसा एक फटकारा मारला की दुसरा त्याच कोनात पडतो. तिसराही. थोड्या वेळाने बघावं तर शिंतोडे कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत. आयुष्यभर समासाच्या आत लिहिलेला हात, तो बेशिस्तही समास सोडून करतो.

रंग ठिबकवून, उडवून चित्रं काढणाऱ्या जॅक्सन पोलॉक या अमेरिकन चित्रकाराला हे कसं जमत असेल, हा प्रश्न मला छळतो. 1947 ते 1950 या काळात न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरच्या एका कोठारात तो जमिनीवर कॅनव्हास पसरून त्याच्याभोवती फिरायचा. रंग साधा, घराला देतात तो इनॅमल. हत्यार म्हणजे काठ्या आणि वाळून कडक झालेले ब्रश. 1950 साली 'टाइम' साप्ताहिकाने त्याच्या चित्रांना गोंधळ म्हटलं, तेव्हा त्याने तार ठोकली की गोंधळबिंधळ काही नाही. आता कुठलाही चित्रकार असंच म्हणणार. पण त्याच्या जुन्या चित्रफिती तपासून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात निघालं की गडी खरंच बोलत होता. घट्ट रंगाची धार सावकाश ओतली की ती खाली पडताना वेटोळी घालते. पोलॉक हाताचा वेग आणि उंची अशी राखायचा की वेटोळी बहुतेक होतच नसत.

मी करून पाहिलं. काठी सावकाश नेली तर रंगाने कॅनव्हासवर छोट्या छोट्या वेलांट्या गिरवल्या. घाबरून हात जोरात फिरवला तर धार तुटली, आणि तिचे थेंब कपाटाच्या आरशावर जाऊन बसले. या दोन्हींच्या मधला जो वेग आहे, तो फक्त फोन वाजला आणि मी दचकलो तेव्हा साधला. एक लांब, सलग, अंगात वारं भरल्यासारखी रेघ. तिच्याकडे बघून इतका आनंद झाला की मी आणखी चार मारल्या, मग चौघींना शोभावी म्हणून पाचवी, आणि ओल्या रंगात ओला रंग मिसळून सगळं चिखलाच्या रंगाचं झालं. थांबायचं कधी, हे शिंतोडे सांगत नाहीत.

गंमत म्हणजे खालचं वर्तमानपत्र सुंदर निघालं. कॅनव्हासच्या बाहेर जे उडालं त्याकडे माझं लक्षच नव्हतं, म्हणून त्याला मोकळीक मिळाली असावी. कॅनव्हास मी भिंतीकडे तोंड करून ठेवला आणि बातम्यांचं पान चौकटीत बसवलं. तेव्हापासून मी काठाकडे बघायला लागलोय. कागदावर पेन टेकवून बसलो असताना शाईचा डाग पडला तर आता कागद बदलत नाही. डागापासूनच काहीतरी काढतो.

उत्स्फूर्त नाटकवाल्यांचा यासाठी एक नियम आहे. समोरच्याने जे दिलं त्याला नाही म्हणायचं नाही. 'हो, आणि' म्हणायचं आणि पुढे आपली भर घालायची. कागदावरच्या डागाशी हे छान जमतं. तोच नियम मी उत्साहाने घरात समजावून सांगितला. बायकोने तो शांतपणे ऐकून घेतला.

"तुझी नजर पडद्यावर गेलेली दिसतेय," मी म्हटलं. "पण तो निळा ठिपका तिथे शोभतो, नाही?"

"हो," ती म्हणाली, "आणि दुसऱ्या पडद्यावरचाही शोभतो. आणि दोन्ही पडदे तू आजच धुणार आहेस."