मायबाप कीबोर्ड

फोनवर आपण टाइप करतो, ही अफवा आहे. आपण अर्ज करतो. काचेवर बोट टेकवायचं, म्हणजे ‘अमुक अक्षर मिळावे, ही नम्र विनंती’. अर्ज आत जातो. बोट नेमकं कुठे टेकलं, आधी कोणती अक्षरं होऊन गेली, या इसमाचा पूर्वेतिहास काय, याची तिथे छाननी होते आणि मग एक अक्षर मंजूर होऊन बाहेर येतं. पुष्कळदा शेजारचं.

हे मी चिडून बोलतोय असं वाटेल. चिडलोय हे खरंच, पण आतली पद्धत अशीच आहे. काचेला बोट दिसत नाही. तिच्यातल्या विद्युतक्षेत्रात बोटामुळे जो फरक पडतो तेवढाच तिला कळतो. तो फरक भलताच ऐसपैस असतो, आपल्या बोटांसारखाच. मग फोन त्याचा मध्य काढतो आणि तो मध्य ज्या अक्षराच्या हद्दीत पडेल ते अक्षर आपलं. आपण मात्र वरून बघतो, आपल्याला नख दिसतं. आपल्या हिशेबाने आपण नखाच्या टोकाने नेम धरलेला असतो आणि प्रत्यक्षात काचेला टेकतो तो त्याच्या खालचा गुबगुबीत भाग. म्हणून नेम कायम खालच्या अंगाला घसरतो. शेवटच्या ओळीतलं अक्षर मागावं तर स्पेस मिळते आणि धडधाकट शब्द मधोमध दुभंगतो.

संगणकाच्या कीबोर्डवर एका बटणाच्या मध्यापासून शेजारच्या बटणाच्या मध्यापर्यंत १९ मिलिमीटर अंतर असतं. बोटाला पाय पसरून बसता येतं. शिवाय एफ आणि जे या बटणांवर एकेक बारीक उंचवटा असतो. तो लागला की बोटांना घर सापडतं आणि डोळे दुसऱ्या कामाला मोकळे होतात. २००७ साली स्टीव्ह जॉब्ज यांनी मंचावरून पहिला आयफोन दाखवला, तेव्हा त्या काळच्या फोनांच्या प्लास्टिकच्या बटणांवर त्यांचा मुख्य आक्षेप होता की गरज असो वा नसो, ती आपली तिथेच चिकटलेली असतात. मुद्दा बिनतोड होता. बटणं गेली. त्या पहिल्या फोनच्या पडद्याची रुंदी जेमतेम ५ सेंटिमीटर आणि इंग्रजीच्या वरच्या ओळीत अक्षरं दहा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ५ मिलिमीटर. आताचे फोन रुंद झालेत म्हणतात, पण अक्षराच्या पदरात त्यातून एक-दीड मिलिमीटर पडलाय. गंमत म्हणजे आयफोनवाल्या कंपनीनेच ॲप बनवणाऱ्यांना बजावून ठेवलंय की बोटाने दाबायची कुठलीही गोष्ट ४४ पॉइंटांपेक्षा लहान नको. पॉइंट हे पडद्यावरचं माप. तिच्या स्वतःच्या पहिल्या कीबोर्डवर एका अक्षराला ३२ पॉइंट मिळत होते. नियम लोकांना असतात.

आता एवढ्याशा जागेत जाडजूड बोट मावायचं कसं? तर फोनने चलाखी केली. पडद्यावर सगळी अक्षरं सारख्याच मापाची दिसतात, पण आतून ती सारखी नसतात. पुढे कोणतं अक्षर येण्याचा संभव जास्त, याचा अंदाज बांधून फोन त्या अक्षराची हद्द गुपचूप वाढवतो आणि शेजाऱ्यांची तेवढी आक्रसतो. दिसायला सगळी सारखी, आणि जागा मात्र वशिल्याप्रमाणे. माणूस सर्वसामान्य, अपेक्षित, शंभरदा वापरून झालेलं बोलत असेल तर ही व्यवस्था त्याला अलगद पुढे नेते. त्याने जरा वेगळा शब्द काढला, की संपलं. माझं आडनाव हा तसा वेगळा शब्द आहे. मी ते जन्मापासून वापरतोय, पण फोनला अजून पटलेलं नाही. दर वेळी तो त्याऐवजी एका भाजीचं नाव पुढे करतो. मी ते पुसून पुन्हा आडनाव लिहितो. तो पुन्हा भाजी आणतो, आणि तीही अशा सौजन्याने, की क्षणभर मलाच वाटतं, वडिलांनी कागदपत्रांत काही घोळ तर केला नसेल?

इथवर सगळं सोसलं असतं. पण सुधारणा नावाची जी गोष्ट आहे, ती स्पेस दाबल्यावर होते. म्हणजे शब्द पूर्ण झाला, तो बरोबर आहे हे आपण डोळ्यांनी पाहिलं, समाधानाने पुढच्या शब्दाकडे वळलो, आणि आपली पाठ वळल्यावर मागे तो शब्द बदलला गेला. समोरासमोर करायची तिची छाती नाही. साहेबांनी विचारलं, “उद्या येताय ना?” मी इंग्रजी अक्षरांत ‘हो’ लिहिलं. एच आणि जी शेजारी शेजारी. फोनने विचार केला, हा गृहस्थ इंग्रजीतच काहीतरी म्हणत असणार. गेलं ‘गो’. साहेबांना चालते व्हा म्हणण्याची माझी फार दिवसांची इच्छा होती, पण ती अशी फुकट जाईल असं वाटलं नव्हतं.

ही खोड जुनी आहे, फोनच्याही आधीची. संगणकावरच्या शुद्धलेखन तपासनिसांना एके काळी इंग्रजीतला ‘को-ऑपरेशन’ हा शब्द जोडरेघेशिवाय ओळखू येत नसे आणि ते त्याजागी ‘क्यूपर्टिनो’ सुचवत. क्यूपर्टिनो हे कॅलिफोर्नियातलं एक शहर. त्यामुळे युरोपीय संघाच्या चांगल्या भारदस्त कागदपत्रांत राष्ट्राराष्ट्रांमधलं सहकार्य वाढण्याऐवजी क्यूपर्टिनो वाढलं. त्याच शहरात आयफोनवाल्यांचं मुख्यालय आहे. याला योगायोग म्हणतात. मी म्हणत नाही. इंग्रजीत शिवी हासडणाऱ्यांना तर या फोनने वर्षानुवर्षं तिच्याजागी ‘डक’, म्हणजे बदकं पाठवायला लावली. शेवटी २०२३ साली कंपनीच्या अधिकाऱ्याने मंचावरून सांगितलं की आता कीबोर्ड तो शब्दही शिकेल. टाळ्या पडल्या. माणसाला मनासारखी शिवी देता यावी म्हणून सोहळा करावा लागला, एवढ्यावरून कारभाराची कल्पना यावी.

पण फोनचं खरं कर्तृत्व मला कळलं ते काकांच्या वेळी. काका काही दिवस आमच्याकडे तापाने पडून होते. ताप उतरला आणि ते आपल्या घरी निघाले. नातेवाइकांच्या ग्रुपवर कळवावं म्हणून मी लिहायला घेतलं, “काका गेले घरी, आता बरे आहेत.” पाठवायचं बटण कीबोर्डाच्या वरच्या उजव्या कोपऱ्याला अगदी खेटून असतं. एरवी खाली घसरणारा माझा अंगठा त्या दिवशी नेमका वर सरकला आणि ग्रुपवर जाऊन पडलं ते “काका गेले.” एवढंच. वर पूर्णविरामसुद्धा. तो मी दिलेला नव्हता. स्पेस दोनदा लागली की फोन पदरचा पूर्णविराम घालतो.

लगेच आत्याचा प्रश्न आला, “अरे देवा! कधी?”

मी घाईघाईने लिहायला लागलो की आत्ताच घरी गेले, काळजी नको. फोनने मला ‘आत्ताच’पाशी तोडलं. गेलं, “आत्ताच.”

धाकट्या मावशीने विचारलं, “कसे रे?”

इथे मी सावध व्हायला हवं होतं असं वाचणाऱ्याला वाटेल. पण कापऱ्या अंगठ्याने माणूस समोर दिसेल त्या प्रश्नाचं उत्तर देतो. मी लिहिलं, “टॅक्सीने.” त्या दिवसात निर्दोष टाइप झालेला तो एकच शब्द.

मग मंडळी धडाधड येऊ लागली. ‘भा’ एवढं अक्षर लिहिलं की वरच्या पट्टीत ‘भावपूर्ण’ येतं, ते दाबलं की ‘श्रद्धांजली’ तयारच असते. दोन टिचक्यांत दुःख व्यक्त. मला मात्र ‘काका जिवंत आहेत’ हे लिहायचं होतं आणि ते कोणीच कधी लिहीत नसल्यामुळे फोनकडे त्याची काही तयारी नव्हती. ‘जिव’पाशी त्याने जिवाभावाचा, जिवलग असे पर्याय ठेवले. पाठवलेला संदेश १५ मिनिटांच्या आत दुरुस्त करायची सोय व्हॉट्सॲपवर २०२३ पासून आहे, हेही मला ठाऊक होतं. पण दुरुस्त करायचं म्हणजे पुन्हा टाइप करायचं. ज्याने घात केला त्याच्याच दारात न्याय मागायला जायचं. तेवढ्यात काकांनीच टॅक्सीतून विचारलं, “कोण गेलं रे? मला कोणी काही कळवत नाही.”

देवनागरीत लिहिणाऱ्याचे भोग आणखी वेगळे. ‘स्वातंत्र्य’ हा शब्द ऐकायला तीन अक्षरांचा. तो एकेक अक्षर दाबून लिहायला बसलं तर स, पाय मोडायची खूण, व, काना, त, अनुस्वार, पुन्हा त, पुन्हा पाय मोडायचा, र, पुन्हा मोडायचा, य. अकरा वेळा बोट टेकवल्याशिवाय स्वातंत्र्य मिळत नाही, आणि दहाव्या खेपेला चूक झाली तर परत मागे. मागे जातानाही शब्द सरळ जात नाही. काना निघतो, मग पाय मोडलेलं एक अक्षर काठीवर उभं राहिल्यासारखं दिसायला लागतं. ‘ळ’ पुष्कळदा दुसऱ्या अक्षराच्या पोटात दडवलेला असतो, दाबून धरल्यावर बाहेर येतो. ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ हवा असेल तर टिंबवाला र शोधायचा. साधा र वापरलात तर रफार उडी मारून य च्या डोक्यावर जाऊन बसतो. या अडचणीपायी कित्येक जण ‘दुसऱ्या दिवशी येतो’ असं लिहिणंच टाळतात आणि ‘परवा’ म्हणून मोकळे होतात. एक दिवस वाढला तर वाढला.

इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिण्याची पळवाट आहे, तिच्यात ‘के-ए-एल’ लिहिलं की काल, काळ, कळ, कल असे चार उमेदवार रांगेत उभे राहतात. बहिणीने विचारलं होतं, घरी कोणी आलं होतं का? मी सांगितलं, काल आला होता सुतार. पोहोचलं, ‘काळ आला होता’. तिचं उत्तर तयार होतं, “पण वेळ आली नव्हती ना?” आमच्या घराण्यात फोनपेक्षा माणसं हुशार आहेत, हा तेवढाच दिलासा.

चूक दिसली तरी तिथे पोहोचणं हा वेगळाच प्रवास. मधलं एक अक्षर बदलायचं असतं. बोट तिथे ठेवावं तर ती जागाच बोटाखाली झाकली जाते. उचलावं तर कर्सर शब्दाच्या अलीकडे किंवा पलीकडे. तिसऱ्या वेळी अख्खा परिच्छेद निळा होतो आणि कापा, चिकटवा, भाषांतर करा असं विचारणारी पट्टी उगवते. तिला हुसकावायला जावं तर परिच्छेद कापला जातो. काही फोनांत अशा वेळी फोन गदागदा हलवला की पुसलेलं परत आणू का, असं तो विचारतो. ही सोय ज्याने केली त्याला माणसाचं मन कळलेलं आहे. फोन गदागदा हलवायची इच्छा आपल्याला त्याआधीच झालेली असते.

भाचा म्हणतो, “मामा, तू वरच्या पट्टीतले शब्द दाबत जा ना, वेळ वाचतो.” याचं उत्तर माझ्याकडे छापील आहे. २०१९ साली काही विद्यापीठांनी मिळून ३७,००० लोकांना फोनवर टाइप करायला लावलं होतं. सरासरी वेग निघाला मिनिटाला ३६ शब्द, आणि पट्टीतले सुचवलेले शब्द निवडत बसणाऱ्यांचा वेग त्यामुळे वाढलेला दिसला नाही. कारण उघड आहे, लिहायचं सोडून माणूस वाचत बसतो. आपोआप सुधारणा चालू ठेवणारे मात्र वेगवान निघाले, हा भाग मी भाच्याला सांगितला नाही. त्याच पाहणीत दहा ते एकोणीस वयाची मुलं आईबापांच्या पिढीपेक्षा मिनिटाला दहाएक शब्दांनी पुढे होती. तेही सांगितलं नाही.

मग त्याने बोलून लिहायला शिकवलं. फोन तोंडापुढे धरायचा आणि सावकाश, शिकवणीतल्या मास्तरांसारखं बोलायचं. मी म्हणालो, “थोडा उशीर होईल पूर्णविराम.” फोनने लिहिलं, ‘थोडा उशीर होईल पूर्णविराम’. पलीकडच्या खोलीतून बायको म्हणाली, “कोणाशी बोलतोयस?” फोनने तेही लिहून घेतलं, शब्दाचीही चूक न करता. म्हणजे ऐकू येतं त्याला. माझंच ऐकायचं नसतं.

शेवटी मी ठरवलं, पुरे. निरोप द्यायचा तर सरळ फोन लावायचा, दोन वाक्यं बोलायची, विषय संपला. लगेच भाच्यालाच लावला. तीनदा वाजला आणि कट झाला. पडद्यावर संदेश आला: ‘मी आत्ता बोलू शकत नाही. काय काम आहे ते कृपया लिहून पाठवा.’ ऱ्हस्व-दीर्घ जागच्या जागी, शब्दांमध्ये नीट अंतर, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मी चकित होऊन बायकोला दाखवलं. म्हटलं, बघ, पोरगा शिकला. ती म्हणाली, “तो तयार असतो रे फोनमध्ये. एक बटण दाबायचं फक्त.”