'सेट'चा आकडा जुना आहे: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

"इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ 'सेट'चे, 430, आणि ते सगळे समानार्थी," असा मेसेज सोलापुरात पालकांच्या ग्रुपवर फिरतोय. आकडा खोटा नाही, जुना आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989च्या आवृत्तीत 'सेट' या क्रियापदाचे तेवढे अर्थ होते; नंतरच्या संपादनात 'रन' 645 वर गेला.

समानार्थीची गोष्ट मात्र साफ चूक, आणि मुलांचे मार्क तीच घालवते. कारखान्यात माग 'रन' होतो, म्हणजे चालतो. पहिल्या धुण्यात लाल चादरीचा रंग 'रन' होतो, म्हणजे जातो. बादलीतलं पाणी गुलाबी होतं. रंग चालला असं लिहून कसं चालेल? आपल्याकडेही भूक लागते, ठेच लागते, वाऱ्याने दारही लागतं.